हौद्याच्या फळ्या आणि एक फाळका

हत्तीच्या पाठीवरच्या हौद्यातून राजेमहाराजे फिरत आणि मालमोटारीच्या हौद्यातून उसाचे बियाणे फिरते. शब्द मात्र एकच. अरबीतला ‘हौदज’ फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि अंबारीशेजारी बसला. अंबारीला छत असते, हौद्याला नसते, एवढाच दोघांत भेद. पाणी साठवायचा ‘हौद’ निराळ्या घराण्यातला. त्याचे मूळ अरबी ‘हौज’. आमच्या सदलग्यात पिकअपच्या मागच्या उघड्या भागाला हौदा म्हणतात. तो बिनछपराचा म्हणून हत्तीच्या हौद्याचा वारस मानावा हे रास्त. पण पावसाळ्यात त्याचा हौद होतो, आणि त्यापायीच तो कुजतो, हे आम्ही गेल्या वर्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

हौद्याच्या मागच्या बाजूला खाली पडणारी जी झडप असते तिला इकडे ‘फाळका’ म्हणतात. संस्कृत ‘फलका’शी नाते सांगणारे हे कुटुंब मोठे आहे: फळी, फळा, फळकूट आणि हा फाळका. आमचे सारे आयुष्य फळ्यापुढे गेले. फाळक्याशी आमचा संबंध फारसा आला नाही. आला तो एकदाच, १९९३ साली, आणि तो हिशेब तेव्हापासून थकलेला होता. त्याविषयी पुढे लिहूच.

बडोदे, इंदूर, हैदराबाद अशा दूरच्या वाचकांसाठी सांगणे भाग आहे की, सदलगा हे बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी तालुक्यातले दूधगंगाकाठचे गाव. १९५६ पर्यंत ते मुंबई राज्यात होते, पुढे म्हैसूर राज्यात गेले, आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. नदीपलीकडे थोड्या अंतरावर महाराष्ट्राची हद्द. आमच्याकडे गाडी दुरुस्तीला लावली की यंत्राचे भाग इंग्रजीत, लाकडाचे काम मराठीत आणि पैशांची घासाघीस कानडीत होते. यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

आमचे थोरले बंधू अण्णा यांनी १९८८ साली जीपच्या तोंडवळ्याची एक महिंद्र पिकअप घेतली. १९४५ साली स्थापन झालेल्या या कंपनीने महायुद्धानंतर मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे त्या लष्करी चेहऱ्याच्या मागे हौदा बसून तो चेहरा शेतकऱ्याच्या दारी आला. अण्णांच्या पिकअपने निपाणीला तंबाखूचे बोद नेले, कोल्हापूरला गुळाचे रवे नेले, इचलकरंजीला भाजी नेली आणि परतीच्या वाटेवर खताची पोती आणली. शिवाजी विद्यापीठातील आमच्या एम. ए.च्या दोन वर्षांचा खर्च याच भाड्यातून निघाला. ज्ञानेश्वरीवर आम्ही जी काही टिपणे काढली ती, खरे पाहता, गुळाच्या वाहतुकीवर निघाली.

२०१९ च्या ऑगस्टातील महापुरात ही गाडी मळ्यातल्या छपरात चार दिवस पाण्यात उभी होती. इंजिन पुढे उघडून साफ करून घेतले, ते चालू झाले. हौद्याकडे कोणी पाहिले नाही. अण्णांचे गुडघे गेले, पुतण्याने नवी गाडी घेतली, आणि जुनी छपरात राहिली. संध्याकाळी अण्णा काठी टेकत जात, फाळका पाडून त्यावर बसत आणि तंबाखू मळीत. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला तेव्हा अण्णा ‘नको’ म्हणाले नाहीत आणि ‘हो’ही म्हणाले नाहीत; त्या दिवशी ते फाळक्यावर अंमळ जास्त वेळ बसले, इतकेच. पुतण्या समजूतदार निघाला. “काका, हौदा तेवढा नवा करूया. सुट्टीत तुम्ही देखरेख करा,” असे म्हणून त्याने हे काम आमच्या गळ्यात घातले. आमच्या सेवानिवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत. तोवर सुतारकामाची देखरेख करण्याइतके ज्ञान आपल्याला आहे असा आमचा समज होता.

हौदा उकलायला घेतला तेव्हा प्रथम कळले की वरून दिसते तो हौद्याचा चेहरा, त्याचे आयुष्य खाली असते. गाडीच्या सांगाड्याचे दोन लांब लोखंडी दांडे, त्यांवर लाकडाच्या दोन लांब पट्ट्या, म्हणजे लोखंडावर लोखंड घासू नये, त्यांवर आडवे वासे, वाशांवर फळ्या, आणि हे सारे सांगाड्याला आवळून धरणारे इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे बोल्ट. गाडी खड्ड्यातून जाते तेव्हा सांगाडा पिळवटतो. लाकडाची पट्टी तो पीळ काही अंशी पचवते. ती नसेल तर तो थेट हौद्याच्या सांध्यांवर येतो आणि पत्रा कोपऱ्यातून फाटतो.

गंज कोठे होता? जेथे आम्ही शोधीत होतो तेथे नव्हता. उन्हात तापणाऱ्या, उघड्या, ओरखडे पडलेल्या पत्र्यावर वरवरचा तांबूस थर, तोही घासला की जाणारा. जेथे दोन पत्रे एकावर एक चढवलेले होते, जेथे घडी होती, जेथे वाशाखाली गाळ बसला होता, तेथे मात्र लोखंडाची पोळी झाली होती. पाणी शिरते पण वारा लागून सुकत नाही, अशी ही ठिकाणे. त्यात खताची पूड. ती हवेतला ओलावा ओढून घेते आणि उन्हाळ्यातही धातूला ओले ठेवते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो सांध्यात वाढला की दोन पत्र्यांना पाचरीसारखा दूर करतो, आणि मग आणखी पाणी आत घेतो. फळ्यांखाली तंबाखूची भुकटी, गुळाचा डांबरासारखा थर आणि एक चार आण्यांचे नाणे निघाले. ते नाणे २०११ सालीच चलनातून गेले. अण्णांनी ते धुऊन चंचीत ठेवले.

आता काय घालावे, लाकूड की लोखंड? पुतण्याचे मत खवल्याखवल्यांच्या जाड पत्र्याकडे. शिवाय हौदा लांबीला हातभर वाढवावा असाही त्याचा विचार होता. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाने ठरवलेल्या मापांत असा मनमानी फेरफार करू देत नाही, हे दाखवल्यावर तो विषय मिटला. लोखंडाविषयीचा वाद मात्र चालला, आणि हा वाद आमच्या मुलखाला नवा नाही. गुर्लहोसूरला जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून निघाले आणि लोखंडी नांगरापर्यंत पोहोचले, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते म्हणून शेतकरी तो नांगर घ्यायला तयार नव्हते. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लाकडी नांगर मागे पडला. तेव्हा लाकडाच्या बाजूने बोलताना आम्हांला थोडे ओशाळल्यासारखे होत होते.

आमची बाजू सावरली ती सुतारमेस्त्रींनी. बैलगाड्यांचे साटे करण्यात त्यांचे निम्मे आयुष्य गेले, आता दारेखिडक्या करतात. ते म्हणाले, “गुर्जी, पत्रा खालनं कुजतोय, वरनं कळत न्हाई. फळी कुजली तर पाय ठेवला की बोलती. आन् एक फळी गेली तर एकच बदलायची.” लाकडावर पोते घसरत नाही, उन्हात भाजी पोळत नाही, आणि रिकामी गाडी डब्यासारखी वाजत नाही, हेही त्यांनी सांगितले. निर्णय असा झाला की तळ लाकडाचा, बाजू पत्र्याच्या.

अमेरिकेत फोर्डने १९२५ साली कारखान्यातच हौदा बसवून ‘मॉडेल टी’ची पिकअप विकायला काढली, किंमत २८१ डॉलर. तिकडेही कित्येक दशके लाकडी तळाचे हौदे निघत होते. आता जुन्या गाड्यांचे शौकीन तेथे ओकच्या फळ्या घालतात, त्यांना आरशासारखे व्हार्निश देतात, मधे चकचकीत पोलादी पट्ट्या बसवतात. आणि मग त्या हौद्यात ओरखडा पडेल म्हणून काही ठेवत नाहीत. पुतण्याने मोबाइलवर त्याची छायाचित्रे दाखवली. सुंदर होती. अण्णांनी ती पाहिली आणि विचारले, “यात शेण न्यायचं कसं?”

खालच्या वाशांसाठी बांधावरची बाभूळ होती, तीन वर्षांपूर्वी तोडून गोठ्यात ठेवलेली. बाभूळ चिवट, भार सोसणारी. गाडीच्या चाकाला ती का लागते ते खिळा मारून पाहणाऱ्याला कळते. पण तिची सरळ लांब फळी मिळत नाही. फळ्यांसाठी पुरात पडलेल्या आमच्या जुन्या सोप्याच्या सागवानी तुळया निघाल्या. त्या चिरून नऊ फळ्या झाल्या. आमच्या आजोबांनी ज्या तुळईखाली बसून आम्हांला बाराखडी शिकवली ती आता चाकांवर जाणार, हे आम्ही कोणाला बोललो नाही.

येथे आमच्या देखरेखीचा प्रताप सांगितला पाहिजे. मेस्त्री दोन फळ्यांमध्ये पाटीवरच्या पेन्सिलीएवढी फट ठेवीत होते. आम्ही म्हटले, “यातून ज्वारीचे दाणे गळतील. शाळेच्या बाकाला कोठे फट असते?” मेस्त्री म्हणाले, “गुर्जी, लाकूड मेलं तरी पानी पितंय. त्याला फुगायला जागा पायजे.” आम्ही मुख्याध्यापक असल्यामुळे त्यांनी जास्त वाद केला नाही. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात नऊच्या नऊ फळ्या काडी शिरणार नाही अशा बसल्या. जूनमध्ये पाऊस लागला. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत वाढते. एकेक फळी गव्हाभर फुगली तरी नऊ फळ्यांची वाढ बोटाएवढी होते, आणि बाजूंना लोखंडी पट्ट्या असल्याने ती जाणार कोठे? आषाढी एकादशीच्या सुमारास मधल्या दोन फळ्या कमान करून वर उठल्या. बोल्टांची डोकी लाकडात रुतली, एका वाशाला उभी चीर गेली. मेस्त्री येऊन पाहून गेले. एक शब्द बोलले नाहीत. विद्यार्थ्याने चुकीचे उत्तर लिहिले की आम्ही जसे वहीकडे पाहतो तसे त्यांनी हौद्याकडे पाहिले.

दसऱ्याच्या सुट्टीत सारे पुन्हा उकलले. या खेपेला आम्ही स्टुलावर बसून चहा देण्यापुरती देखरेख केली. फळ्या रंधून फटी ठेवल्या. पाणी जायला तळाशी भोके ठेवली. फळीच्या टोकांना, जेथून लाकूड सर्वांत अधिक पाणी पिते, तीन वेळा जवसाचे उकळलेले तेल पाजले. (हे तेल पुसलेली बोळी गुंडाळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेटतात. आमच्या घरी ती पाण्याच्या बादलीत टाकली.) बोल्ट गोल डोक्याचे आणि मानेशी चौकोनी घेतले; चौकोन लाकडात पकडतो, त्यामुळे खालून नट आवळताना वरून कोणी धरायला लागत नाही, आणि डोके गोल असल्याने पोते अडकून फाटत नाही. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर सोडली, डिझेलची टाकी उतरवली. पत्र्याला आतून-बाहेरून तांबड्या रेड ऑक्साइडचे दोन हात. कोणाला दिसणार नाहीत अशा घड्यांत आधी.

राहिला फाळका.

त्याचा डावा खालचा कोपरा आत दबलेला होता. पत्र्याची तेथे घडी पडली होती आणि घडीत गंज. डाव्या बाजूची मूळ कडी तुटून गेलेली. तिच्या जागी कोणीतरी बैलगाडीच्या साखळीचा दुवा वाकवून आकडा केलेला होता, आणि तो बत्तीस वर्षे काम देत होता. वेल्डर म्हणाला, नवा फाळका करू. अण्णा म्हणाले, हाच ठोकून सरळ करा. तो आकडा मुळात कसा लागायचा हे कोणालाच नीट सांगता येईना, म्हणून अण्णांनी आमच्या जुन्या ड्रायव्हरमामांना बोलावणे धाडले.

हे ऐकल्यापासून आमचे चित्त थाऱ्यावर नव्हते. १९९३ च्या उन्हाळ्यात आम्ही नुकतेच नोकरीला लागलो होतो. मामांच्या मागे लागून, अण्णांच्या नकळत, आम्ही नदीच्या वाटेवर संध्याकाळी गाडी शिकत होतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मागे घेताना आम्ही ती वाटेकडेच्या दगडावर घातली. मामांनी उतरून पाहिले, आम्हांला बाजूला बसवले आणि गाडी घरी आणली. अण्णांपुढे ते म्हणाले, “माझ्या हातनं झालं.” आम्ही दारात उभे होतो. आमचे शिक्षण अण्णांनी केले होते, लग्नाची बोलणी चालली होती. कारणे पुष्कळ सांगता येतील. अण्णांनी मामांच्या पगारातून दोन महिने दीडदीडशे रुपये कापले. त्याच आठवड्यात आमच्या वर्गाच्या फळ्यावर आमच्या हस्ताक्षरात एक सुविचार होता. तो कोणता हे लिहिण्याचे धैर्य आजही नाही. पुढच्या दिवाळीला आम्ही मामांना एक धोतरजोडी दिली आणि मनाशी खाते बंद केले. मामा १९९६ साली आमच्याकडून गेले, साखर कारखान्याच्या उसावर ट्रक चालवीत राहिले.

मामा आले. आता पंचाहत्तरीला टेकले आहेत. त्यांनी फाळक्यावरून हात फिरवला, आकडा ओळखला. तो त्यांनीच केला होता. “हे तोंड भाईर पायजे. आत ठेवलं तर पोत्याचा रेटा आला की सुटतंय,” असे वेल्डरला दाखवून दिले. अण्णा खुर्चीवर बसून होते. सहज हसत त्यांनी विचारले, “मामा, त्या दिवशी ठोकलीसा तरी कशी हो?”

मामांनी आमच्याकडे पाहिलेही नाही. म्हणाले, “रिव्हर्स घेताना दगूड दिसला न्हाई, अण्णा.”

बत्तीस वर्षांनी, काही कारण नसताना, त्यांनी ते दुसऱ्यांदा आपल्या अंगावर घेतले. तेव्हा आम्ही बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही. वाक्ये व्याकरणशुद्ध नव्हती एवढे खरे. वेल्डरने ग्राइंडर बंद केला आणि तो पाणी प्यायला गेला. पुतण्या फळ्यांच्या फटी मोजू लागला. अण्णा बराच वेळ तंबाखू मळीत राहिले. मग म्हणाले, “मला म्हणाला असतास तर मीच शिकवली असती की गाडी.” आणि मामांना, “किती कापले होते मी?”

“तीनशे,” मामा म्हणाले. त्यांना विचार करावा लागला नाही.

आम्ही खिशात हात घातला. मामांनी तो हातानेच अडवला. “पैसं ऱ्हाऊ द्या, गुर्जी. तीनशे म्हंजे तवा माझा अर्धा पगार. आता तीनशेचं काय येतंय?” अण्णा म्हणाले, मग त्या अर्ध्या पगाराइतके, आजच्या भावाने, ज्वारीचे एक पोते तरी घ्या. मामा थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, “द्यायचंच असलं तर शाळू द्या. हायब्रीड नगं.”

आमच्या घरी यंदाचा शाळू नव्हता, तो आम्ही गावातून विकत घेतला. अण्णांच्या पैशांनी नव्हे, आमच्या. आठ वर्षांपलीकडच्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यतेचा दाखला लागतो. तो डिसेंबरात चिकोडीच्या परिवहन कार्यालयातून मिळाला, आणि नंतरच्या रविवारी पहिले पोते हौद्यात चढले. फाळका ठोकून बराचसा सरळ झाला आहे. डाव्या कोपऱ्याला हात लावला तर अजून खोलगा लागतो. वेल्डर म्हणाला, आणखी ठोकला तर फाटेल. पुतण्या गाडी चालवीत होता, आम्ही शेजारी बसलो होतो. मामांच्या दारात उतरून आम्ही फाळका पाडायला गेलो तर उजवी कडी सुटली आणि डावा आकडा सुटेना. मामा पायरीवरून उतरून आले, तळहाताने एक फटका दिला, तो सुटला.

“रंग जाड बसलाय,” ते म्हणाले. “दोन म्हैन्यांत घासून नीट हुईल. पोतं जरा इकडनं धरा, गुर्जी.”